पहिल्या उत्तरावर थांबू नका : मुलांच्या मनाला नव्या कल्पनांची सवय कशी लावायची?



जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दहा जीवनकौशल्ये आपण प्रशिक्षणांत अनेकदा ऐकली आहेत. त्यात 'समस्या निराकरण' आणि 'सर्जनशील विचार' ही दोन आहेतच. फळ्यावर लिहून होतात, वहीत उतरवून होतात आणि तास संपतो. मग एखादा पालक विचारतो, "गुरुजी, आमच्या पोराला काही सुचतच नाही. त्याला सुचायला कसं शिकवायचं?" याचं सोपं उत्तर म्हणजे, "ते उपजतच असावं लागतं." पण हे उत्तर खरं नाही.

या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. नवीन कल्पना सुचणं ही सवय आहे. तिची सुरुवात होते पहिल्या उत्तरावर न थांबण्यापासून. ही सवय वर्गात आणि घरात लावता येते. त्यासाठी महागडं साहित्य लागत नाही. उदाहरणं शोधायला लांबही जावं लागत नाही, आपल्या वैनगंगेच्या खोऱ्यातच ती आहेत.

मन जुन्याच वाटेने का जातं?

आधी एक छोटा प्रयोग पाहू. अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये तो प्रसिद्ध केला. पाचवीपासून पुढच्या कुठल्याही वर्गात तो करता येतो.

तीन रिकामी भांडी आहेत, पाणी हवं तेवढं आहे. भांड्यांवर खुणा नाहीत. पहिल्यात २१ मापं पाणी मावतं, दुसऱ्यात १२७ आणि तिसऱ्यात ३. आपल्याला बरोबर १०० मापं पाणी हवं आहे. काय कराल?

दुसरं भांडं भरायचं, त्यातून पहिलं भांडं एकदा भरून काढायचं आणि तिसरं दोनदा भरून काढायचं. १२७ वजा २१ वजा ३ वजा ३, उरले १००. आता मुलांना याच क्रमाने पुढची गणितं द्या :

१४, १६३, २५ : हवे ९९
१८, ४३, १० : हवे ५
९, ४२, ६ : हवे २१
२०, ५९, ४ : हवे ३१

चारही गणितं त्याच रीतीने सुटतात. मुलं खूश होतात, वेग वाढतो. मग हे द्या : २३, ४९, ३ : हवे २०.

बहुतेक मुलं सवयीने ४९ मधून २३ आणि दोनदा ३ वजा करतील. उत्तर बरोबरच येईल. पण २३ मधून एकदा ३ काढले तरी २० च उरतात! इतकी सोपी वाट समोर असून दिसत नाही. शेवटी हे द्या : २८, ७६, ३ : हवे २५. इथे जुनी रीत चालत नाही. मग काही मुलं चक्क म्हणतात, "सर, हे गणित चुकीचं आहे." खरं तर २८ मधून ३ काढले की झालं.

यात मुलांचा दोष नाही. जी रीत चार वेळा यशस्वी झाली ती मन पाचव्यांदाही पुढे करतं. रोजच्या जगण्यात हे उपयोगीच असतं. सकाळी चहा करताना दर वेळी नव्याने विचार करत बसलो तर शाळेची वेळ चुकेल. पण अडचण नवीन असते तेव्हा हीच सवय आड येते. आपल्या वर्गात 'एक प्रश्न, एक उत्तर, एक टिक' हे इतकं मुरलेलं असतं की उत्तर मिळालं की मूल पेन खाली ठेवतं. म्हणून पहिला धडा असा : उत्तर आलं की विचारा, "बरोबर. आता दुसरी रीत सांग." उत्तर चुकलं तेव्हा तर आपण हे विचारतोच. बरोबर आलं तेव्हाही विचारायला हवं.

पहिली पायरी : वेगळं दिसलं की थांबून पाहणं

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. मराठवाड्यातलं नव्हे, आपल्या धानपट्ट्यातलं. तिथले दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकले होते. शेती जेमतेम दीड एकर. १९८३ मध्ये त्यांच्या बांधीत 'पटेल ३' नावाचं धान उभं होतं. त्यात तीन लोंब्या त्यांना वेगळ्या दिसल्या, रंगाने पिवळसर आणि दाण्याने निराळ्या.

अशा वेळी पहिलं उत्तर तयार असतं : "भेसळ झाली, उपटून टाक." किंवा त्याहून सोपं म्हणजे दुर्लक्ष करायचं. दादाजींनी दोन्ही केलं नाही. त्यांनी त्या लोंब्यांचं बी वेगळं काढून जपून ठेवलं. पुढच्या हंगामात छोट्याशा जागेत ते लावलं. दाणा बारीक निघाला, भात चवीला चांगला लागला. मग वर्षानुवर्षं निवड करत त्यांनी ते बियाणं वाढवलं. पुढे १९९० च्या सुमारास हे धान शेतकऱ्यांमध्ये पसरू लागलं आणि त्या काळात गाजलेल्या मनगटी घड्याळाचं नाव त्याला मिळालं : एचएमटी. आज आपण दुकानात 'एचएमटी तांदूळ द्या' म्हणतो, त्याचा उगम त्या तीन लोंब्यांत आहे.

ते एका वाणावर थांबले नाहीत. नांदेड हिरा, विजय नांदेड, डीआरके असे एकूण नऊ वाण त्यांनी निवडले. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१० मध्ये फोर्ब्स मासिकाने भारतातल्या ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं. ३ जून २०१८ रोजी ते गेले.

त्यांची गोष्ट मुलांना सांगताना आपण 'जिद्द' आणि 'चिकाटी' हे शब्द वापरून मोकळे होतो. पण शिकवण्यासारखी गोष्ट त्याच्या आधीची आहे. ज्या शेतात सगळं सारखं दिसतं, तिथे काय सारखं नाही ते त्यांना दिसलं. ते पाहून त्यांनी लगेच 'चांगलं' किंवा 'वाईट' असा शिक्का मारला नाही. हे डोळ्यांचं शिक्षण आहे आणि ते देता येतं.

वर्गात करा : एकाच झाडाची दहा पानं टेबलावर ठेवा. दहा मिनिटांत मुलांनी त्यांच्यातले फरक लिहायचे. 'छान', 'खराब' असे शब्द वापरायचे नाहीत. फक्त जे दिसतं, मोजता येतं, हाताला लागतं ते. पहिले तीन-चार फरक पटकन येतात. मग मुलं म्हणतात, "झालं." तिथेच खरा तास सुरू होतो. अजून पाच मिनिटं थांबा. सातव्या-आठव्या फरकापासून मुलं खरोखर पाहायला लागतात.

दुसरी पायरी : प्रश्नच बदलून पाहणं

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. आपण त्यांना मामा तलाव म्हणतो. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनी ते बांधले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. पुढे अनेक तलावांत गाळ साचला, काठावर बेशरम माजली, मासे कमी झाले.

मासे कमी झाले तर काय करायचं? पहिलं उत्तर : बाहेरून मत्स्यबीज आणून सोडायचं. रोहू, कतला, मृगळ. वर्षानुवर्षं हेच चालत आलं. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव परिसरातल्या ढिवर समाजाच्या लोकांनी, मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर काम करताना, प्रश्न वेगळ्या तऱ्हेने मांडला. 'तलावात कोणता मासा सोडायचा?' याऐवजी त्यांनी विचारलं, 'मासा इथे राहील कुठे, खाईल काय आणि अंडी कुठे घालेल?'

प्रश्न बदलला आणि कामही बदललं. जुन्या मच्छीमारांकडून तलावातल्या पाणवनस्पती आणि स्थानिक मासे यांची माहिती गोळा झाली. तलाव आटल्यावर उन्हाळ्यात बेशरम उपटली, तळ नांगरला, पावसाळ्यात मूळच्या पाणवनस्पती लावल्या. महिलाही या कामात पुढे होत्या. मोजक्या तलावांपासून सुरुवात केली, फरक दिसला, मग इतर तलावांकडे वळले. स्थानिक मासे परत दिसू लागले.

या कामात सगळ्यात मोलाचं ज्ञान शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे होतं. हे आपल्या मुलांना जरूर सांगा. 'आजोबा, हे आधी कसं होतं?' हा प्रश्न विचारणारं मूल अर्धी वाट चाललेलं असतं.

वर्गात करा : कुठलीही अडचण एका वाक्यात फळ्यावर लिहा. उदाहरणार्थ, 'पावसाळ्यात मुलं उशिरा येतात.' आता त्यातून पाच प्रश्न काढायचे. मुलांना वेळेवर कसं आणायचं? उशीर नेमका कुठल्या वाटेवर होतो? जे वेळेवर येतात ते काय वेगळं करतात? उशीर झाला तरी पहिला तास बुडू नये म्हणून काय करता येईल? पहिल्या तासाला कुठला विषय ठेवावा? प्रत्येक प्रश्नातून वेगळीच उत्तरं निघतील. उत्तर सापडत नसेल तर बऱ्याचदा प्रश्न अरुंद असतो.

तिसरी पायरी : आधी लिहा, मग बोला

अॅलेक्स ऑसबॉर्न या अमेरिकन जाहिरात व्यावसायिकाने 'ब्रेनस्टॉर्मिंग' म्हणजे विचारमंथनाची पद्धत रूढ केली. १९५३ च्या त्याच्या पुस्तकातून ती जगभर गेली. नियम साधे होते : टीका नको, कल्पना भरपूर हव्यात, विचित्र कल्पनाही चालतील, एकमेकांच्या कल्पनांत भर घाला.

नियम चांगलेच आहेत. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या टेलर, बेरी आणि ब्लॉक या संशोधकांनी तपासून पाहिलं, तेव्हा वेगळीच गोष्ट समोर आली. एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा, वेगवेगळं बसून विचार केलेल्या चौघांच्या मिळून कल्पना जास्त भरल्या. कारण आपण वर्गात रोज पाहतो. एक जण बोलतो तेव्हा बाकीचे थांबतात. हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाने काही सांगितलं की सगळे त्याच दिशेने जातात. मागच्या बाकावरची मुलगी मनातलं मनातच ठेवते.

म्हणून गटकार्याआधी सात मिनिटं शांतता ठेवा. प्रत्येकाने स्वतःच्या वहीत दहा कल्पना लिहायच्या. खोडरबर वापरायचं नाही. मग प्रत्येकाने फेरीने एकेक कल्पना वाचायची, सुरुवात मागच्या बाकापासून. गटात भर घालणं, जोडणं, निवडणं हे त्यानंतर.

मूल्यमापन कसं करायचं? गिलफर्ड या मानसशास्त्रज्ञाने अशा विचाराकडे पाहण्याच्या काही बाजू सांगितल्या. सोप्या भाषेत तीन प्रश्न लक्षात ठेवा : कल्पना किती आल्या? किती प्रकारच्या आल्या? इतरांना न सुचलेल्या वेगळ्या किती? सिमेंटच्या रिकाम्या गोणीचे दहा उपयोग लिहिले, पण दहाही 'भरायला' असतील (धान, माती, कचरा, गवत...), तर संख्या चांगली, प्रकार एकच. 'अंथरायला', 'आडोसा करायला', 'दोरी काढायला' असं आलं की मन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलं. मुलांना हे सांगितलं की ती स्वतःच मोजायला लागतात.

आता खरा प्रश्न घेऊ : गोसीखुर्दची जलपर्णी

पाठ्यपुस्तकातल्या अडचणींना उत्तर शेवटच्या पानावर असतं, हे मुलांना ठाऊक आहे. म्हणून एक तरी अशी अडचण घ्यावी, जिचं उत्तर आपल्यालाही माहीत नाही.

पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झालं. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. ३३ दरवाजांचं हे धरण आपल्या मुलांनी सहलीत पाहिलेलं असतं. धरणासाठी ज्यांची गावं उठली, त्यांची नातवंडं आज पुनर्वसन गावठाणातल्या शाळांत आपल्यासमोर बसतात. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये येतं आणि कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते. धरणाचं पाणी अडलेलं, त्यात सांडपाण्याचं खत. जलपर्णीला, म्हणजे आपल्याकडे ज्याला इकॉर्निया म्हणतात तिला, आणखी काय हवं? ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. पाण्यावर पसरली की खाली उजेड आणि प्राणवायू कमी होतो, डोंगा चालत नाही, जाळं अडकतं.

यावर दोन तासिका घ्या. (मुलांना पाण्यात उतरू देऊ नका. काठावरून, मोठ्यांसोबत पाहणी करावी किंवा फोटो वापरावेत.)

पहिली तासिका. दहा मिनिटं फक्त निरीक्षणं लिहायची. कुठे दाट, कुठे विरळ? वाऱ्याने कुठे सरकते? कुठल्या महिन्यात वाढते? आजोबांच्या आठवणीत ती होती का? मग प्रश्न बदला. पहिला प्रश्न असेल, 'जलपर्णी कशी काढायची?' त्यातून पुढे जा : ती इथेच का वाढते? काढलेली टाकायची कुठे? तिचा त्रास सर्वात आधी कोणाला होतो? सगळी काढता येत नसेल तर कुठली जागा मोकळी ठेवणं सर्वात गरजेचं? शेवटी सात मिनिटं शांततेत दहा कल्पना.

त्या दिवशी निवड करू नका. ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्येच लिहिलं होतं की तयारीनंतर विचार काही काळ बाजूला ठेवला तर मन आतल्या आत काम करत राहतं. वही मिटा, मुलांना खेळू द्या.

दुसरी तासिका. कल्पनांच्या तीन याद्या करा : आपल्या हातातल्या, गावाच्या हातातल्या, सरकारच्या हातातल्या. मग 'आपल्या हातातली' एक कल्पना छोट्या प्रमाणात करून पाहा. एक सोपी चाचणी सुचवतो. शिक्षकांनी हातमोजे घालून एक किलो जलपर्णी आणावी, पाणी निथळून वजन करावं आणि उन्हात पसरावी. मुलांनी रोज वजन लिहायचं. पुरती वाळल्यावर उरतं शंभर ग्रॅमपेक्षाही कमी, कारण जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं!

आता विचारा, "ओली जलपर्णी ट्रॅक्टरने नेतात तेव्हा खरं तर काय वाहून नेतात?" "पाणी!" असं उत्तर येईल. मग कोणीतरी म्हणेलच, "काठावरच वाळवून मग नेली तर?" हे उत्तर आपण दिलेलं नसेल, वजनकाट्याने दिलेलं असेल. त्यावरही थांबू नका. वाळवायला जागा कुठे? पाऊस आला तर? तुकडा परत पाण्यात गेला तर? कोणी खताची कल्पना मांडली तर हेही सांगा की ही वनस्पती पाण्यातले जड धातू शोषून घेते. म्हणून तपासणी न करता तिचं खत भाजीपाल्याला घालू नये, फुलझाडांवर पाहावं.

एक सावधगिरी

मुलांना कल्पक बनवायचं म्हणजे मोठ्यांची जबाबदारी त्यांच्या डोक्यावर टाकायची, असं होऊ नये. सांडपाणी शुद्ध करून सोडणं हे महापालिकेचं आणि शासनाचं काम आहे. कुठल्याही मुलाच्या कल्पनेने ते टळत नाही. म्हणूनच त्या तीन याद्या महत्त्वाच्या. तिसऱ्या यादीतल्या कल्पना फेकून द्यायच्या नाहीत. त्यांचं नीट पत्र करायचं, निरीक्षणांसह, तारखांसह, आणि ते ग्रामसभेत किंवा संबंधित कार्यालयात द्यायचं. 'आमचं काय चालणार?' असं ऐकत वाढलेल्या मुलांना, आपण पाहिलेलं, मोजलेलं कागदावर मांडून विचारता येतं, हे कळणं फार मोठी गोष्ट आहे. काही प्रश्न कल्पनेने सुटतात, काही विचारणा करत राहिल्याने. कुठला कसा, हे ओळखायला शिकणं हाही समस्या निराकरणाचाच भाग आहे.

पालकांसाठी तीन सोप्या सवयी

१. मूल अडचण घेऊन आलं की लगेच उत्तर देऊ नका. आधी विचारा, "तू काय काय करून पाहिलंस?" मग, "अजून काय करता येईल?"

२. घरातल्या खऱ्या अडचणी त्याच्यासमोर मांडा. माकडं कौलं फोडतात, पिण्याचं पाणी एकच वेळ येतं, धान वाळत घातलं की कोंबड्या येतात. त्याच्या कल्पनेवर हसू नका. जमण्यासारखी असेल तर एकदा करून पाहा. फसली तर कुठे फसली ते दोघं मिळून बोला.

३. घरात एक 'हे वेगळं दिसलं' वही ठेवा. रोज एक ओळ पुरे. त्यातल्या नव्वद ओळी कामाच्या नसतील. दादाजींच्या बांधीतही हजारो लोंब्या सारख्याच होत्या.

या आठवड्यात दुसरं काही जमलं नाही तरी एवढं करा. वर्गात एखाद्या मुलाने बरोबर उत्तर दिलं की शाबासकी द्या, आणि लगेच विचारा, "अजून एक रीत?" सुरुवातीला वर्ग गप्प बसेल. बसू द्या. दहा-बारा दिवसांनी मुलं तुमच्या आधीच म्हणतील, "सर, माझ्याकडे दुसरी पण आहे."